लाकडी मोटारीचा विक्रय

आपण जिवापाड जपलेली वस्तू विकताना गिऱ्हाइकास किती सांगावे, आणि तिच्या किमतीत कोणाकोणाचा वाटा धरावा, हे प्रश्न आम्ही जवळजवळ तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. उदाहरणे ठरलेली, आक्षेप ठरलेले आणि त्यांची उत्तरेही ठरलेली. तास संपल्याची घंटा झाली की प्रश्नही संपत. परंतु गेल्या उन्हाळ्यात निमगाव केतकी येथील आमच्या वडिलोपार्जित घरी एक जुनी मोटार विकण्याचा प्रसंग आम्हांवर आला आणि हेच प्रश्न अंगणात येऊन उभे राहिले. तेव्हा मात्र घंटा काही होईना. त्या प्रसंगी आमच्या हातून जे घडले ते सर्वच भूषणावह नाही. तरीही ते येथे लिहून ठेवीत आहोत. कारण नीतीचा विचार दुसऱ्याच्या चुकांवर करण्यापेक्षा स्वतःच्या चुकांवर केलेला बरा, असे आम्हांस आता वाटू लागले आहे.

निमगाव केतकी हे गाव बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. विड्याच्या पानांचे मळे ही या गावाची जुनी ओळख. आणि आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी येथून इंदापुराकडे जाते, हे त्याचे भाग्य. आमच्या आजोबांचा पानमळा होता. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर त्यांनी मुंबईस एक मोटार जुनी म्हणून विकत घेतली. तिची चासी व आठ सिलिंडरांचे इंजिन फोर्ड कंपनीचे, १९३८ सालचे. आणि त्यावरील घर मात्र सागवानी लाकडाचे, मुंबईच्या कारागिरांनी बांधलेले. त्या काळी यात नवल नव्हते. फोर्ड कंपनीची शाखा हिंदुस्थानात १९२६ साली निघाली, जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस कारखाना घातला, आणि परदेशाहून सुट्या भागांत आलेल्या मोटारी येथे जोडल्या जात. नुसती चासी घेऊन तीवर आपल्या गरजेप्रमाणे घर बांधून घेणारेही पुष्कळ असत. आजोबांच्या मोटारीत मागच्या बाजूस पानांच्या करंड्या रचून त्या बारामतीच्या रेल्वे-स्टेशनावर जात.

अशा मोटारींस इंग्रजीत स्टेशन वॅगन म्हणतात, ते उगाच नव्हे. अमेरिकेत उतारूंस व त्यांच्या सामानास आगगाडीच्या स्टेशनावरून हॉटेलात नेण्यासाठी या लाकडी गाड्या प्रथम निघाल्या. १९२९ साली फोर्ड कंपनीने अशी गाडी स्वतःच्या नावाने विक्रीस आणली. तिच्यासाठी लागणारे मेपल व बर्च लाकूड मिशिगन प्रांतात आयर्न माउंटन येथे असलेल्या कंपनीच्याच गिरणीत कापले जाई. पुढे पोलादी पत्रा ठोकून घर बनविणे स्वस्त पडू लागले आणि लाकूड मागे पडले. १९४६ साली विलीस कंपनीने काढलेली स्टेशन वॅगन सबंध पोलादी होती. परंतु लोकांच्या डोळ्यांस लाकडाची सवय होती, म्हणून पत्र्यावर लाकडासारखे रंगकाम करून ती विकली गेली. १९५३ च्या सुमारास ब्यूक कंपनीने शेवटची खरी लाकडी गाडी काढली आणि अमेरिकेत तो प्रकार संपला. पत्र्यावर रंगविलेले ते लाकूड आम्हांस पूर्वी फार हास्यास्पद वाटे. आता वाटत नाही. ती नक्कल निदान उघड होती. जवळ जाऊन बोटाने टिचकी मारली की कोणासही कळे.

आजोबांची मोटार पुढे बंद पडली आणि गोठ्यात जाऊन बसली. तिच्या टपावर कोंबड्या रवंथ करणाऱ्या बैलांकडे पाहत बसत, हे आमच्या लहानपणीचे चित्र आहे. वडिलांच्या पश्चात, २०१६ साली, ती दुरुस्त करावी अशी बुद्धी आम्हांस झाली. इंजिनाचे काम पुण्यास झाले. त्याचे सुटे भाग मिळविण्यात पैसा गेला, पण ते काम होणारे होते. लाकडाचा प्रश्न निराळा. वाळवीने तळाच्या तुळया पोखरल्या होत्या, मागचे झडप हातात घेताच भुगा होऊन पडले, टपाच्या पट्ट्या पावसाने कुजल्या होत्या. तेव्हा गावातीलच एका वृद्ध सुताराने हे काम पत्करले. त्यांना आम्ही सुतारमामा म्हणतो. त्यांच्या वडिलांनी या मुलखातील कितीतरी बैलगाड्यांची चाके भरली होती. खुद्द मामांच्या हयातीत मात्र बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, आणि खिडक्या-दारेही लोखंडाची व प्लास्टिकची झाली. रंधा आणि पटाशी बाळगणारे गावात ते एकटेच उरले होते.

मामांनी सात वर्षे हे काम केले. रोज नव्हे, शेतीचे दिवस वगळून, आम्ही सुट्टीत जाऊ तेव्हा आणि आम्ही नसतानाही. गावातील एक जुना वाडा पडला, तेव्हा त्याची सागवानी तुळई त्यांनी आम्हांस घ्यावयास लावली. त्या तुळईतून त्यांनी मोटारीचे खांब काढले, दारांच्या चौकटी काढल्या, खाच आणि कुसू असे जुळविले की खिळ्याची गरज लागू नये. जुन्या चौकटीचा बाक हुबेहूब यावा म्हणून त्यांनी एकच खांब तीनदा केला आणि पहिले दोन चुलीत घातले. त्यांस आम्ही रोजाप्रमाणे मजुरी दिली, तीही त्यांनी मागितली तेवढी, वेळच्या वेळी. त्याबाबत आमचे मन स्वच्छ होते. शेवटी जवसाचे तेल आणि लाखेचे रोगण चढले, तेव्हा मोटारीच्या लाकडी घरातील बेचाळीस तुकड्यांपैकी एकतीस नवे होते. पाहणाऱ्यास मात्र सगळे एकजीव दिसत होते.

मग ती विकावयाची कशास? कारण साधे आहे. भावाभावांत घराची वाटणी झाली. गोठ्याची जागा आमच्या वाट्यास आली नाही. पुण्यास आमचे बिऱ्हाड चार खोल्यांचे, खाली मोटार ठेवण्यास जागा उघड्यावर. लाकडास ऊन आणि पाऊस दोन्ही सोसत नाहीत. मुलगा परदेशी. मामांच्या हातास कंप सुटलेला. मोटार आपल्याजवळ ठेवणे म्हणजे ती पुन्हा मरताना पाहणे, हे आम्हांस दिसत होते. तरीही विकण्याचा शब्द तोंडातून निघेना. स्नेही म्हणत, “मुलगी सासरी पाठविण्यासारखेच आहे हे.” ही उपमा ऐकून प्रथम बरे वाटले. कण्वासारख्या विरक्त ऋषीसही शकुंतला पाठविताना गहिवर आला. मग आम्ही संसारी माणसे! परंतु उपमेचा नीट विचार केला तेव्हा ती आमच्याच अंगावर उलटली. ज्या स्मृतिकारांनी कन्यादानाची महती गाइली, त्यांनीच कन्येबद्दल शुल्क घेणारा बाप हा तिचा विक्रय करणारा ठरविला आहे. मोटार जर मुलगी असेल, तर तिचे पैसे घेणे पाप. आणि पैसे घेणे योग्य असेल, तर ती मुलगी नव्हे, वस्तू होय. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली हाच भेद सांगितला: ज्यास किंमत असते त्याच्या जागी दुसरे तेवढ्याच मोलाचे काही ठेवता येते, ज्यास प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. आम्हांस गहिवराचे पुण्यही हवे होते आणि बाजाराचा भावही हवा होता. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मोटार ही वस्तू आहे, आमची माया ही आमची आहे, आणि मायेची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही, इतके मान्य केल्यावर विकण्यास हरकत उरली नाही.

गिऱ्हाईक आले ते पुण्याचे एक तरुण गृहस्थ. जुन्या मोटारींचे शौकीन, जाणते, बोलण्यात मोठे आर्जवी. त्यांनी इंजिन ऐकले, चासीवरील आकडे वाचले, आणि मग मागच्या चौकटीवरून हात फिरवीत म्हणाले, “सर, ऐंशी वर्षांहून जुने लाकूड असे राहू शकते, यावर विश्वास बसत नाही.” आम्ही हसलो. एवढेच. एक अक्षर खोटे बोललो नाही. त्यांनी त्या हसण्याचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावला, अठरा लाख रुपये देऊ केले, एक लाख विसार म्हणून दिला, आणि पंधरवड्याने मोटार नेण्याचे ठरवून ते गेले. मामा ओसरीवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. आपली पटाशी फडक्यात गुंडाळून घरी गेले.

त्या रात्री आमच्या मदतीस तत्त्वज्ञान धावून आले. विद्वान मनुष्य चूक करतो तेव्हा त्याच्याजवळ सबबींचा साठा इतरांहून मोठा असतो, हे या निमित्ताने कळले. प्रथम आठवले ते थीसियसचे जहाज. अथेन्सच्या लोकांनी ते शतकानुशतके जतन केले. फळी कुजली की नवी घालीत. मग ते तेच जहाज की दुसरे, असा वाद तेथील तत्त्वज्ञ घालीत असत, असे प्लूटार्क सांगतो. मग आठवला मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूचा रथ: दांडी म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे, सर्वांच्या जुळणीस रथ हे नुसते नाव आहे. मग आठवली जगन्नाथपुरी. अधिक आषाढ येतो त्या वर्षी तेथे जुन्या काष्ठमूर्ती पुरून नव्या घडवितात. १९९६ साली आणि २०१५ साली हा नवकलेवर विधी झाला. आणि देव बदलला असे एकही भक्त म्हणत नाही. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नवे बांधतात, शेवटचे २०१३ साली बांधले, आणि तरीही ते पुरातनच मानतात. तेव्हा एकतीस तुकडे नवे असले म्हणून काय झाले? मोटार तीच आहे. शिवाय, आणि येथे आम्ही स्वतःवरच खूष झालो, त्या तरुणाचे वाक्य अक्षरशः खरे होते. तुळई ज्या वाड्याची, तो वाडा शंभर वर्षांहून जुना. लाकूड ऐंशी वर्षांहून जुनेच होते!

या शेवटच्या युक्तिवादाने मात्र आम्हांस अंथरुणात उठून बसविले. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वरून चालत असे, आणि अश्वत्थाम्याविषयीच्या त्या एका वाक्याने तो खाली टेकला, ही कथा आमच्या आजीने आम्हांस याच घरात सांगितली होती. तेही वाक्य अक्षरशः खरेच होते.

शिवाय जहाजाचा आणि रथाचा दाखला येथे लागूच पडत नव्हता. अथेन्सच्या प्रत्येक नागरिकास फळ्या बदलल्याचे ठाऊक होते. पुरीच्या भक्तांस मूर्ती नव्या असल्याचे ठाऊक असते, किंबहुना तो उत्सवच त्याचा असतो. ‘वस्तू तीच की निराळी’ हा प्रश्न तेव्हाच तत्त्वज्ञानाचा होतो, जेव्हा सर्वांपुढे सर्व वस्तुस्थिती असते. एकाजवळ वस्तुस्थिती आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, अशा जागी तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहत नाही. तो साध्या प्रामाणिकपणाचा होतो. मोटार तीच आहे असे आमचे मत असेल तर ते आम्ही त्या तरुणापुढे मांडावे, त्याला पटले तर पटले. आम्ही त्याचे मत ऐकण्याची संधीच त्याला ठेवली नव्हती.

त्यात एक व्यावहारिक गोष्टही होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींविषयी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, आणि चासी, घर वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळ्या मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षांची. कुजलेल्या लाकडाच्या जागी तसेच लाकूड घालणे हा फेरफार की जतन, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु ज्यावरून ते ठरावयाचे ती माहिती आमच्याच पोटात होती, आणि विकत घेणारा ती नसताना अठरा लाख मोजीत होता.

यावर कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाने पाहून घ्यावे. हा वाद दोन हजार वर्षांचा आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तो आला आहे. ऱ्होड्स बेटात दुष्काळ. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने पाहिले आहे. त्याने ते सांगावे काय? दुसरे उदाहरण घराचे: घर रोगट आहे, साप निघतात, लाकूड वाईट आहे, आणि हे मालकाखेरीज कोणासच ठाऊक नाही. डायोजिनीस नावाचा पंडित म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसामाणसांत जो समाज आहे तो असा गप्प बसण्याने मोडतो. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूस आहे. हे सर्व आम्ही दरवर्षी शिकवितो. परीक्षेत हा प्रश्न घालतोही. मात्र वाईट लाकडाच्या जागी चांगले लाकूड आहे, तेव्हा हे उदाहरण आपणांस लागू नाही, अशी समजूत आम्ही घालून घेतली होती.

आमच्या देशचा कायदाही वाचून पाहिला. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे की नुसते गप्प बसणे म्हणजे कपट नव्हे. बोलणे कर्तव्य असेल तेव्हाच ते कपट होते. त्याखालील उदाहरणांपैकी पहिली दोन अशी. एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोडा सदोष असल्याचे त्यास ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, कपट नाही. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, मौन तेच. पण घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच वयात आलेली. तेथे नात्यामुळेच बोलणे हे कर्तव्य होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने घोड्यात फरक नाही, मौनात फरक नाही. फरक आहे तो समोर कोण उभे आहे यात.

तिसऱ्या दिवशी हे सारे आम्ही सौभाग्यवतींस सांगितले. त्या भाजी निवडीत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “उद्या आपल्या मुलाने असली मोटार कोणाकडून घेतली, आणि विकणारा असा हसला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?” कायद्याचे दुसरे उदाहरण त्यांनी कधी वाचलेले नव्हते. आम्ही त्यांस लबाड म्हटले असते, हे कबूल करणे भाग पडले. कायदा जेथे थांबतो तेथून नीती पुढे चालू लागते, ती बहुधा अशीच: परका मनुष्य हा कोणाचा तरी मुलगा आहे, एवढे आठवून.

मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक आहे. अनुशय म्हणजे पस्तावा. खरेदी करून वा विक्री करून ज्यास पस्तावा झाला त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी अथवा घ्यावी, अशी ती सवलत आहे. पस्तावा विकणाऱ्यासही होऊ शकतो हे त्या जुन्या शास्त्रकाराने गृहीत धरले, याचा आम्हांस मोठा आधार वाटला. चौथ्या दिवशी आम्ही निमगावास गेलो, वही घेतली, आणि मामांस म्हटले, कोणता तुकडा जुना आणि कोणता नवा, हे आम्हांस सांगा. आम्ही यादी करतो.

मामा मोटारीभोवती फिरले. प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून ते सांगत गेले: हा जुना, हा नवा, हा वाड्याच्या तुळईचा, हा बाभळीचा, हा पाऊस लागून फुगला म्हणून पुन्हा केलेला. कित्येक सांधे आम्हांस दाखवूनही दिसेनात. यादी संपत आली तेव्हा आमच्या लक्षात आले की आमचा अपराध एकट्या गिऱ्हाइकाशी झालेला नव्हता. नवे लाकूड लपविले म्हणजे ते ज्याने घडविले तो माणूसच लपविला. ‘ऐंशी वर्षांचे लाकूड असे राहिले’ या वाक्यास आम्ही मान डोलाविली, तेव्हा सात वर्षांचे हात पुसून टाकले. आणि ते ज्याचे हात तो ओसरीवर बसून ऐकत होता.

यातून दुसरा प्रश्न निघाला. किमतीत मामांचा वाटा किती? लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकात सांगितले की माणूस ज्या वस्तूत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. फार उदात्त विचार आहे; परंतु त्याच जागी लॉक आपल्या नोकराने कापलेले गवताळ ढेकूळही आपल्याच श्रमाचे फळ म्हणून मोजतो, हे वाचणारे बहुधा सोडून देतात. आम्हीही सोडीत आलो. मजुरी दिली, हिशेब मिटला, असे म्हणण्यास जागा होती. पण मजुरी ठरली तेव्हा मोटार विकावयाची नव्हती. मामांनी जो खांब तीनदा केला, त्यातील दोन वेळांची मजुरी त्यांनी मागितलीच नव्हती. गावगाड्यात सुतारास बलुते मिळे, म्हणजे पिकातला वाटा. त्या व्यवस्थेने माणसास जन्माने धंद्यास जखडले, तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. तरी पीक चांगले आले की सुताराच्या पदरातही चार पायल्या अधिक पडत, एवढी गोष्ट तिच्यात होती, ती आमच्या रोजंदारीत नव्हती.

येथे तुकोबांची आख्यायिका आठवते. सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली हे सर्वांस ठाऊक आहे. पण आधी खतांची वाटणी करून धाकट्या भावाचा अर्धा भाग त्यास दिला, आणि बुडविला तो फक्त आपला, हा तपशील आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्याग करावयाचा तो स्वतःच्या वाट्याचा. औदार्यासाठीसुद्धा आपला वाटा कोणता हे आधी नीट मोजावे लागते.

तेव्हा आम्ही मोजले. त्या तरुणास यादी पाठविली, आणि विसार परत नेण्याची मोकळीक दिली. दोन दिवस उत्तर आले नाही. मग ते स्वतः आले. रागावलेले होते, आणि त्यांचा राग रास्त होता. “सर, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते,” ते म्हणाले. आम्ही होय म्हटले. याहून निराळे उत्तर नव्हते. त्यांनी यादी हातात धरून मोटार पुन्हा पाहिली, या खेपेस मामांस बरोबर घेऊन. तासभर दोघे सांध्यांविषयी बोलत होते. आम्ही बाजूस उभे होतो. शेवटी त्यांनी तेरा लाख देऊ केले. आम्ही ते मान्य केले. सात वर्षांचा खर्च सहा लाखांच्या आसपास होता. तो वजा जाता जे उरले त्याचा निम्मा भाग मामांचा, असे आम्ही ठरविले. निम्माच का, दोन-तृतीयांश का नाही, असे कोणी विचारील तर आमच्याजवळ सिद्धांत नाही. वाळवीपासून वाचविण्याचा विचार आमचा, आणि वाचविणारे हात त्यांचे. यापलीकडे आम्हांस तराजू सापडला नाही.

मामा नाही म्हणतील, अशी आमची अपेक्षा होती. खरे सांगावयाचे तर थोडी इच्छाही असावी. कारण गरिबाने नाकारलेले पैसे हे सद्गृहस्थाच्या कथेस फार शोभून दिसतात. मामांनी ती शोभा आम्हांस मिळू दिली नाही. ते म्हणाले, “पैसं द्या मास्तर. नातीला कालेजात घालायचंय, लागत्यात. पर त्या यादीखाली माझं नाव बी लिवा. नवं लाकूड कुणी केलं, ते घेणाऱ्याला कळाय पायजे.” आम्ही नाव लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचून घेतले आणि खाली आपल्या हाताने सही केली. हाताच्या कंपामुळे तीस वेळ लागला.

याप्रमाणे मोटार गेली. ज्येष्ठ संपत आला होता. पावसाआधी ती छपराखाली जावी अशी घाई होती. मामांनी फाटकाबाहेर उभे राहून मागच्या झडपावर दोन थापा मारल्या, बैल हाकताना मारतात तशा. गोठ्याची जागा आता दुसऱ्या भावाकडे आहे. तेथे पाण्याच्या पाइपांची वेटोळी पडली आहेत. पुढे थोड्याच दिवसांनी पालखी गावात आली, तेव्हा आम्ही घरी होतो. गर्दीत मामा भेटले. मोटारीविषयी ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. पाच लाख रुपये आम्ही सत्यासाठी सोडले असे जर कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. ते पाच लाख आमचे कधी नव्हतेच. आमचे होते ते फक्त त्या पहिल्या दिवसाचे हसणे. ते मात्र कोणत्याही यादीने परत घेता आलेले नाही. नव्या वर्षी वर्गात सिसेरोचे ते घर आले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मालकाने नंतर सांगितले तर चालेल का?” घंटा होण्यास अवकाश होता. आम्ही खडू खाली ठेवला आणि त्यास म्हटले, “चालेल, पण पुरणार नाही.”